विद्यार्थ्यांचे संगीत-नियतकालिक : ऐकण्यापासून छपाईपर्यंत

संगीताविषयीचे नियतकालिक काढणाऱ्यांसमोर पहिल्या दिवसापासून एक पेच उभा असतो : ज्या कलेसाठी अंक काढायचा, ती कला कागदावर ऐकू येत नाही. चित्रकलेच्या अंकात चित्र छापता येते, कवितेच्या अंकात कविता छापता येते. संगीताच्या अंकात मात्र जे कानांवर पडले त्याचे वर्णन, त्याची लिपी आणि ते घडवणाऱ्या माणसांची व वाद्यांची माहिती, एवढेच छापणे शक्य असते. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी असा अंक हाती घेतात तेव्हा हा पेच सोडवण्याऐवजी टाळण्याकडे त्यांचा कल होतो आणि मग थोर गायकांची त्रोटक चरित्रे, सुविचारवजा वाक्ये व इंटरनेटवरून उतरवून घेतलेली छायाचित्रे यांनी पाने भरली जातात. अशा अंकातील जवळजवळ प्रत्येक ओळ वाचकाला अन्यत्र, अधिक चांगल्या रूपात, आधीच मिळालेली असते. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या गावात, स्वतःच्या कानांनी ऐकलेले संगीत दुसऱ्या कोणत्याही प्रकाशकाकडे नसते आणि तेच त्यांच्या अंकाचे खरे भांडवल असते, हे एकदा मान्य केले म्हणजे विषयाच्या निवडीपासून कागदाच्या आकारापर्यंतचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघत जातात.

या कामाला महाराष्ट्रात परंपरा आहे आणि ती विद्यार्थी-संपादकांना ठाऊक असणे उपयोगाचे ठरते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा गायन शिकवण्याबरोबरच स्वरलिपीची पुस्तके छापणे हेही त्यांनी आपल्या कार्याचे अंग मानले आणि ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिकही चालवले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’च्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांतून घराण्यांच्या बंदिस्त भांडारातील शेकडो चिजा लिपिबद्ध करून सामान्य विद्यार्थ्याच्या हाती दिल्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘संगीत कला विहार’ हे मासिक याच परंपरेतले असून त्याचे संपादक प्रा. बा. र. देवधर यांनी त्यात लिहिलेली गायक-वादकांची व्यक्तिचित्रे पुढे ‘थोर संगीतकार’ या ग्रंथात संकलित झाली. ही व्यक्तिचित्रे आजही वाचनीय वाटतात, याचे कारण लेखक त्या गवयांच्या जवळ बसला होता, त्याने प्रश्न विचारले होते आणि कोणाच्या गाण्यात नेमके काय ऐकू आले हे त्याला सांगता येत होते. विद्यार्थ्यांना देवधरांची विद्वत्ता लगेच साधणार नाही; त्यांची जवळ जाऊन बसण्याची पद्धत मात्र पहिल्या अंकापासून अंगीकारता येते.

अंकाचा व्याप ठरवताना सर्वसमावेशकतेचा मोह आवरावा. शास्त्रीय, उपशास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीत, लोकसंगीत, चित्रपटसंगीत आणि पाश्चात्त्य संगीत अशा सर्व दालनांना प्रत्येकी चार पाने दिली की कोणत्याच दालनात वाचक रमत नाही. त्यापेक्षा एका अंकाला एकच सूत्र असावे आणि ते सूत्र शक्यतो पायी किंवा एसटीने पोहोचता येईल अशा अंतरावरचे असावे. सिंधुदुर्गातील महाविद्यालयाला दशावताराची पेटी, पखवाज आणि झांज पुरेशी आहे. पुण्यातील विद्यार्थ्यांना ढोल-ताशा पथकांचे हात आणि तालचक्रे नोंदवता येतील. मुंबईतील विद्यार्थ्यांना आपल्याच वस्तीत मराठीतून रॅप करणाऱ्या मुलांच्या शब्दांचे वजन तपासता येईल. गोव्यातील विद्यार्थी घुमटावर संपूर्ण अंक काढू शकतात. मातीच्या या वाद्याचे तोंड पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवीत असत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याची जागा बकऱ्याच्या कातड्याने घेतली, आणि २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा दर्जा दिला. कातडे बदलल्यावर आवाजात काय फरक पडला, हा प्रश्न घेऊन चार जुन्या वादकांकडे गेलेल्या विद्यार्थ्यांच्या हाती जे लागेल, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात आयते सापडणार नाही.

असे एक सूत्र थोडे खोलात जाऊन पाहू. मिरज हे सतार आणि तंबोरा बनवणाऱ्यांचे गाव असून तेथील या दोन्ही वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजेच विशिष्ट ठिकाणाशी निगडित असलेल्या वस्तूच्या नावाला जे कायदेशीर संरक्षण दिले जाते, ते आता या वाद्यांना आहे. सांगली-मिरजेच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या कारखान्यात जाऊन ‘आपण हा व्यवसाय का निवडलात’ असा सर्वसाधारण प्रश्न विचारला, तर उत्तरही सर्वसाधारणच मिळेल. त्याऐवजी कारागिराच्या हातातील कामाविषयी विचारावे. पंढरपूरच्या बाजूने येणारा भोपळा निवडताना तो बोटाने वाजवून काय ऐकतात, पुरुषांच्या आणि बायकांच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यात व दांडीत किती फरक ठेवतात, हे विचारावे. विशेषतः जवारीविषयी विचारावे. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग कानसून अतिशय मंद उताराचा केलेला असतो. त्या उतारावर तार पुन्हापुन्हा हलकीशी टेकते आणि त्यातून स्वराभोवती जी गुंजणारी आस निर्माण होते तिला जवारी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीकसा धागा सरकवीत नेला की एका विशिष्ट जागी आवाज एकदम उमलतो. ही जागा कशी कळते, जवारी ‘खुली’ आणि ‘बंद’ म्हणजे काय, एक जवारी किती दिवस टिकते, या प्रश्नांवर कारागीर तासभर बोलतो, कारण तो त्याच्या आयुष्याचा विषय असतो. घोडी, धागा आणि बोटे यांचे जवळून घेतलेले एक छायाचित्र व त्याखाली कारागिराच्याच शब्दांतील चार वाक्ये, एवढ्यावर अंकाची दोन पाने उभी राहू शकतात.

मुलाखतीला दोघांनी जावे, एकाने बोलावे आणि दुसऱ्याने टिपणे घ्यावीत व ध्वनिमुद्रण सांभाळावे. ध्वनिमुद्रण सुरू करण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीची संमती घेऊन ती मुद्रणातच नोंदवावी, म्हणजे पुढे वाद उद्भवत नाही. प्रत्येक फाइलला त्याच दिवशी तारीख, गाव, व्यक्तीचे नाव आणि विषय असे नाव द्यावे. ‘नवीन रेकॉर्डिंग १७’ या नावाच्या फाइली महिन्याभरात निरुपयोगी होतात. नोंदीच्या शिस्तीचा उत्तम आदर्श म्हणून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाकडे पाहावे. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहात ओवी गाणारी बाई आणि तिचे गाव यांची नोंद ठेवलेली आहे, आणि त्यामुळेच तो निनावी लोकगीतांचा ढीग न राहता नावागावाच्या बायकांनी रचलेले वाङ्मय म्हणून उभा राहतो. ‘एका आजींनी गायलेले गीत’ असे छापणे हा त्या आजींवर अन्याय आहे; त्यांची संमती असेल तर त्यांचे नाव गाण्याइतक्याच ठळक अक्षरांत यावे.

विद्यार्थ्यांच्या लेखनातील सर्वांत अवघड प्रकार म्हणजे मैफलीचे परीक्षण. येथे वृत्तपत्री शब्दसंग्रह फार लवकर हाताशी येतो. समजा, संपादकाकडे असे वाक्य आले : ‘गायिकेने राग यमन अत्यंत सुरेल व भावपूर्ण रीतीने सादर करून रसिकांना मंत्रमुग्ध केले.’ या वाक्यात गायिकेचे आणि रागाचे नाव बदलले तरी ते तसेच्या तसे चालते. म्हणजेच लेखकाने त्या संध्याकाळी ऐकलेले काहीही त्यात आलेले नाही. संपादकाने ते खोडून लेखकाला परत पाठवू नये, तर त्याच्याजवळ बसून विचारावे की ख्याल कोणत्या तालात होता, गायिका षड्जावर किती वेळ थांबली, पंचम पहिल्यांदा केव्हा आला, तबलजीने लय केव्हा वाढवली, टाळी कोठे पडली. मग त्याच लेखकाच्या हातून असे काही उतरते : ‘विलंबित एकतालातील पहिली चार-पाच आवर्तने गायिकेने मंद्र निषाद आणि गांधार यांच्यामध्येच काढली, तीव्र मध्यमाला ती प्रत्येक वेळी नुसता स्पर्श करून मागे फिरत होती, त्यामुळे पंचमावर ती प्रथम स्थिरावली तेव्हा सभागृहातून आपोआप दाद गेली.’ यात विशेषणे नाहीत, तरी गाणे कसे चालले होते ते वाचकाला दिसते. संगीताचे शिक्षण न घेतलेल्या लेखकालाही वेळ, लय, आवाजाची चढउतार, शब्दांचे उच्चार आणि साथीदारांची देवघेव यांविषयी नेमके लिहिता येते, आणि जे समजले नाही ते कलाकाराला कार्यक्रमानंतर विचारता येते. नवोदितांच्या मैफलीबद्दल लिहिताना दोष दाखवण्यास हरकत नाही. तो कोणत्या जागी ऐकू आला हे मात्र सांगता आले पाहिजे.

आता स्वरलिपीकडे वळावे लागते, कारण संगीताचा अंक आणि इतर कोणताही अंक यांतील मांडणीचा खरा फरक येथे आहे. स्वरलिपी म्हणजे स्वर, सप्तक, मात्रा आणि तालाची स्थाने चिन्हांनी दर्शवण्याची पद्धत. महाराष्ट्रात भातखंडे आणि पलुस्कर अशा दोन पद्धती शिकवल्या जातात आणि त्यांची चिन्हे एकमेकांशी जुळत नाहीत, इतकेच नव्हे तर काही ठिकाणी उलट अर्थाची आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तार सप्तक दाखवतो आणि पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू मंद्र सप्तक दाखवतो. भातखंडे पद्धतीत समेची खूण गुणाकाराच्या चिन्हासारखी फुली असून खालीसाठी शून्य असते, तर पलुस्कर पद्धतीत समेला १ हा आकडा आणि खालीला अधिकचे चिन्ह असते. एका अंकात दोन लेखकांनी दोन पद्धती वापरल्या तर वाचक चुकीचे गाईल. म्हणून संपूर्ण अंकासाठी एकच पद्धत ठरवावी, दुसऱ्या पद्धतीत आलेले लेखन उतरवून घ्यावे आणि पहिल्याच पानांत चिन्हांची चौकट छापावी.

संगणकावर भातखंडे पद्धतीची स्वरलिपी जुळवताना कोमल स्वराखालची रेघ अक्षर अधोरेखित करण्याच्या सोयीने देऊ नये. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना अधोरेखन गळून पडते आणि ते गळल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. काफीच्या स्वरावलीतील कोमल गांधाराखालची रेघ गेली की ती खमाजची स्वरावली होते, आणि यमनाच्या मध्यमावरची उभी रेघ गेली की बिलावल थाटाचे सात शुद्ध स्वर उरतात. छपाईतील एवढ्याशा गफलतीने राग बदलतो. युनिकोड या आंतरराष्ट्रीय अक्षरसंकेतात वैदिक पठणासाठी देवनागरीची जी स्वरचिन्हे आहेत, त्यांतील खालची आडवी रेघ कोमल स्वरासाठी आणि वरची उभी रेघ तीव्र मध्यमासाठी वापरता येते, जसे ग॒, नि॒ आणि म॑. ही चिन्हे अक्षराचाच भाग असल्यामुळे कोठेही नेली तरी टिकतात. अर्थात प्रत्येक फाँटात ती नीट बसतीलच असे नाही. रे॒ आणि ध॒ ही अक्षरे निवडलेल्या फाँटात छापून पाहिल्याखेरीज पुढचे काम करू नये.

स्वरांची रचना कोष्टकात करावी आणि प्रत्येक मात्रेला समान रुंदीचा रकाना द्यावा, कारण डोळ्यांना दिसणारे अंतर हेच येथे काळाचे माप असते. मोकळ्या जागा टाकून रकाने जुळवण्याची सवय मोडावी. फाँटाचा आकार किंचित बदलला की सम सरकते. दिवाळी अंकांच्या परिचित आकाराचे पान घेतले, तर समास सोडून मजकुराला सुमारे १५ सेंटीमीटर रुंदी मिळते. त्यात त्रितालाच्या १६ मात्रा एका ओळीत घातल्या तर प्रत्येक मात्रेला एक सेंटीमीटरही मिळत नाही आणि चौपटीची तान त्यात मावत नाही. म्हणून ८ मात्रांची एक ओळ करून आवर्तन दोन ओळींत मांडावे आणि नववी मात्रा, म्हणजे खाली, दुसऱ्या ओळीच्या आरंभी येईल असे पाहावे. बंदिशीचे शब्द स्वरांच्या बरोबर खाली यावेत. या पानांचे मुद्रितशोधन, म्हणजे छपाईपूर्वी चुका तपासण्याचे काम, डोळ्यांवर सोपवू नये : एका विद्यार्थ्याने हातावर ताल धरून छापील पानावरून गावे आणि दुसऱ्याने मूळ प्रत समोर ठेवून ऐकावे. जेथे गाणारा अडखळतो तेथे बहुधा चूक असते.

उरलेल्या मांडणीचे नियम सर्व मराठी अंकांना लागू असल्यामुळे थोडक्यात सांगता येतील. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतील मजकूर घेतल्यास जोडाक्षरे विस्कटतात, म्हणून लेखकांना आरंभीच युनिकोडमध्ये लिहिण्यास सांगावे. ‘मुक्ता’ किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ असे विनामूल्य फाँट मजकुरासाठी चांगले आहेत. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी असल्याने निवडलेल्या फाँटात ती मराठी आहेत का, हे पाहावे. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येत असल्यामुळे १२ पॉइंटच्या अक्षराला ओळींत १६ ते १७ पॉइंटचे अंतर लागते. मथळ्यांसाठी वीणा, मोरपीस आणि तरंगणारे पाश्चात्त्य स्वरचिन्ह यांची नक्षी टाळलेली बरी. भजनी मंडळावरील लेखावर पियानोच्या पट्ट्या छापलेल्या पाहून त्या लेखाविषयीचा विश्वासच डळमळतो. मुखपृष्ठासाठी अंकाच्या सूत्रातील एकच वस्तू, जवळून आणि मोठी, घ्यावी : तबल्याच्या पुडीवरची शाई, पेटीचा झिजलेला भाता, टाळांची दोरी. छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवली तर त्यांतील तपशील दाबला जातो आणि छपाईत ती धुरकट दिसतात. ती डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हने आणावीत आणि छापायच्या आकारात दर इंची ३०० बिंदू मिळतील एवढी मोठी असावीत.

हक्कांचा विचार संगीताच्या अंकात अधिक काटेकोरपणे करावा लागतो, कारण आवडते गाणे छापण्याची इच्छा स्वाभाविक असते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार साहित्यकृती व संगीतरचना यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे मृत्यूच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून मोजून, टिकतो. ग. दि. माडगूळकर १९७७ साली निवर्तले. त्यांची गीते २०३७ अखेरपर्यंत हक्काधीन आहेत आणि ‘गीतरामायणा’तील गीत परवानगीवाचून पूर्ण छापता येत नाही. गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली वारले, त्यामुळे त्यांच्या नाटकांतील पदे मुक्त आहेत. मात्र त्याच पदाचे अलीकडचे ध्वनिमुद्रण स्वतंत्रपणे हक्काधीन असू शकते. समीक्षेसाठी गाण्यातील आवश्यक तेवढाच अंश घेण्यास कायद्यात सवलत आहे. तिचा आधार घेताना अंशाभोवती खरोखर विवेचन असावे. मैफलीचे ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रण यांसाठी कलाकार व आयोजक या दोघांचीही परवानगी घ्यावी.

परवानगी असलेले ध्वनिमुद्रण क्यूआर कोडच्या द्वारे पानाशी जोडता येते आणि कागदाचा मुकेपणा काही अंशी दूर होतो. कोडची बाजू किमान २ सेंटीमीटर असावी, तो पांढऱ्या पार्श्वभूमीवर छापावा आणि ध्वनी महाविद्यालयाच्या खात्यावर ठेवावा. एखाद्या विद्यार्थ्याच्या खासगी खात्यावर ठेवलेला ध्वनी तो विद्यार्थी पदवी घेऊन गेला की नाहीसा होतो. कोडजवळ ‘येथे ऐका’ एवढेच न लिहिता काय ऐकायचे ते लिहावे, उदाहरणार्थ, धागा सरकवण्यापूर्वीचा आणि नंतरचा तंबोरा.

छपाईच्या हिशेबात पानांची संख्या आधी ठरते आणि मजकूर नंतर बसवला जातो. मध्ये पिन मारून शिवलेल्या अंकाची पाने ४च्या पटीत असावी लागतात आणि ऑफसेट छपाईत १६ पानांच्या फर्म्याने, म्हणजे एका तावावर दोन्ही बाजूंनी छापून घडी घातल्यावर होणाऱ्या संचाने, खर्च मोजला जातो. त्यामुळे ४८ पाने म्हणजे तीन फर्मे आणि ५० पाने म्हणजे विनाकारण वाढलेला खर्च. शंभर-दीडशे प्रतींसाठी डिजिटल छपाई परवडते; प्रती पुष्कळ असतील तेव्हाच ऑफसेटकडे जावे. छापखान्याला पीडीएफ देताना चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारा जादा भाग, ठेवावा आणि सर्व प्रती छापण्यापूर्वी एक नमुना प्रत कागदावर मागून घ्यावी, कारण रेघा आणि बिंदू पडद्यावर दिसतात तसे कागदावर उमटतीलच असे नाही. पैसे अजिबात नसतील तर हस्तलिखित काढावे. स्वरलिपी हाताने लिहिताना चिन्हे गळत नाहीत, आणि सुंदर अक्षराच्या विद्यार्थ्याला त्यात मानाचे स्थान मिळते. वेळेच्या दृष्टीने जून-जुलैत सूत्र ठरवून गणेशोत्सव आणि नवरात्र या गाण्या-वाजवण्याच्या दिवसांत नोंदी घ्याव्यात, दिवाळीच्या सुट्टीत जुळणी करावी आणि स्नेहसंमेलनापर्यंत अंक तयार ठेवावा. अंक ठराविक काळाने निघणारा आणि महाविद्यालयाबाहेर विकला जाणारा असेल, तर मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियतकालिक नोंदणीच्या नव्या कायद्याखाली तो येतो का, हे कार्यालयामार्फत आधी तपासून घ्यावे.

प्रकाशन समारंभाच्या दिवशी पहिल्या प्रती अंकात ज्यांची नावे आली आहेत त्यांच्यासाठी बाजूला काढाव्यात आणि त्या टपालाने न पाठवता विद्यार्थ्यांनी स्वतः नेऊन द्याव्यात. कारागीर किंवा भजनी बुवा आपल्यावरील मजकूर वाचून एखादी दुरुस्ती सुचवतात. ती तारखेसह नोंदवून पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर छापावी. दोन प्रती महाविद्यालयाच्या ग्रंथालयात व दोन गावच्या सार्वजनिक वाचनालयात दाखल कराव्यात. मूळ ध्वनिमुद्रणे, न छापलेली छायाचित्रे आणि मुलाखतींची संपूर्ण टिपणे यांची एक प्रत ग्रंथपालांकडे सोपवून तिची पोच घ्यावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या संपादकांना त्याच कारागिराकडे जाऊन गेल्या वर्षी राहून गेलेला प्रश्न विचारता येईल.